पर्लनं आणलेली साडी

सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

मागं ज्या उभ्या आहेत त्यांनी पुढं या. पहिली रांग रिकामी आहे. आपल्या लोकांना पहिल्या रांगेत बसायला कसली अडचण होते, मला आजवर कळलेलं नाही. ताई असती तर एकेकीला हाताला धरून तिनं आणून बसवलं असतं. मी तसं करणार नाही. माझा तो स्वभाव नाही, आणि आज अंगात तेवढं बळही नाही.

तुम्ही सगळे आलात. या गारठ्यात आलात. कुणी मिल्टन कीन्सहून गाडी चालवत आलंय, कुणी केंब्रिजहून ट्रेन बदलत आलंय, हाउन्सलोतले तर पायीच आलेत. बरं वाटलं. पण खरं सांगू का, मला बोलायचं नव्हतं. मीनलला, म्हणजे ताईच्या मुलीला, मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला माइकसमोर उभी करू नकोस, मी एकतर रडेन नाहीतर भांडेन. ती म्हणाली, मावशी, सख्खी बहीण तू, तू नाही बोलणार तर कोण बोलणार? मी म्हटलं, बोलायला पर्ल आहे की. तुमच्या घरात सगळ्याला पर्लच लागते.

तर बघा, पहिल्या मिनिटालाच तिचं नाव आलं. तिचं नाव न घेता मला ताईबद्दल बोलताच येत नाही. हेच तर माझं दुखणं आहे.

आयटीतली नवी मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. मी शकुंतला, विमलताईची धाकटी बहीण. तुम्ही ताईला विहारातल्या कार्यक्रमात खीर वाढताना पाहिलं असेल, नाहीतर तुमच्या व्हिसाच्या भानगडीत कौन्सिलच्या ऑफिसात तुमच्या बाजूनं भांडताना. आणि तिकडं मागं, किचनच्या खिडकीजवळ, मीनलच्या शेजारी जांभळी टोपी घालून जी बाई बसली आहे ना, ती पर्ल. मूळची जमैकाची. ताईची मैत्रीण. मी बोलतेय ते मीनल तिच्या कानात इंग्लिशमध्ये सांगतेय. मीनल, सगळं सांग. काही गाळू नकोस. मला तिच्याबद्दल काय वाटतं ते तिला चांगलं माहीत आहे.

काय वाटतं? मी जळते तिच्यावर. आजही जळते. आता या क्षणीही. ताई गेली म्हणून हे संपेल असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालेलं नाही.

फ्युनरलच्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी ताईची साडी पाहिलीत. मी पण तुम्हाला पाहत होते. कुजबुज ऐकू येत होती मला. जन्मभर सुती साडी नेसलेली बाई, तिला जांभळी जॉर्जेट, आणि पदरभर टिकल्या. आपल्यात पांढरं नेसवतात. हे कुणाच्या डोक्यातून निघालं, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. विचारलं मात्र कुणीच नाही, नुसते माझ्याकडं बघत राहिलात. म्हणून आज सांगणार आहे ती साडी कुणी आणली ते. पण एकदम सांगितलं तर कळणार नाही. थोडं मागं जावं लागेल.

ताई इथं आली ती भाऊजींबरोबर, आणि लागली विमानातलं जेवण बनवणाऱ्या किचनमध्ये. विमानात तुम्हाला तो ट्रे मिळतो ना, त्यात वाटी, चमचा, पाव, बटर ठेवायचं काम. पट्टा चालू असायचा आणि पट्ट्याच्या पलीकडं, ताईच्या अगदी समोर, पर्ल. डोक्याला जाळी, हातात मोजे, आणि दिवसभर एकमेकींचं तोंड. मी विमानतळावरच्या दुकानात कामाला लागले ती नंतर, ताईनंच मला नागपूरहून बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, चला, परदेशात का होईना, आता ताई माझ्या एकटीची. भावंडांत वाटून घ्यायला नको, सासूबाईंना विचारायला नको. पहिल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. दार उघडलं तर किचनमध्ये ही बाई उभी. जाड सालीची केळी तळत होती. कशात तळत होती? आमच्या आईच्या कढईत. ती कढई ताईनं बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली. मला कधी हात लावू दिला नव्हता तिनं त्या कढईला.

केळी चांगली झाली होती. खाल्ली मी. पण परत मागून घेतली नाहीत.

तेव्हापासून पर्ल असं म्हणाली, पर्ल तसं म्हणाली. जेवताना पर्ल, फोनवर पर्ल, बसमध्ये पर्ल. आणि एक दिवस ताई मला म्हणाली, शकू, इथल्या हिशेबात आपण पण ब्लॅकच. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, आपण कशा गं ब्लॅक? ती हसली. म्हणाली, गोऱ्या सुपरवायझरला विचार, त्याला तुझ्यात आणि पर्लमध्ये किती फरक दिसतो. त्या काळात इथं असंच म्हणायचे, आफ्रिकेच्या, वेस्ट इंडीजच्या, आपल्याकडच्या बायका सगळ्या त्याच एका नावाखाली एकत्र यायच्या. मला ते काही पटलं नव्हतं. घरात आई आमच्या रंगावरून चिंता करायची, आणि ही इथं येऊन काळी म्हणवून घेतेय. पण खरी गोष्ट रंगाची नव्हतीच. ताई कुणाच्या तरी बरोबर ‘आपण’ म्हणत होती आणि त्या ‘आपण’मध्ये मी मागाहून आले होते, हे मला सोसलं नाही.

आता हा हॉल. तुम्ही बसलात तोच हा हॉल. तेव्हा इथं बायकांच्या सेंटरचे कार्यक्रम व्हायचे. सेंटर चालवायची ती गोरी जेनेट. जेनेट आज आली आहे, ती डाव्या बाजूला बसली आहे. चांगली बाई. आठ मार्चला मोठा कार्यक्रम असायचा आणि त्यात आम्हा बायकांचं काम ठरलेलं. सोमाली बायका मांसाचे समोसे आणायच्या, पर्ल राजमा घालून भात करायची, मी बटाटेवडे. भाषणं बाहेर, आम्ही आत. भाषणं संपली की किचनच्या खिडकीतून आम्ही प्लेटा द्यायचो आणि बाहेरच्या बायका वाहवा म्हणायच्या. मग मी साडी नेसून दाखवायचे. टाळ्या मिळायच्या. मला आवडायचं ते. कशाला खोटं बोलू? माझे वडे लोक आठवणीनं मागायचे.

ताईला नाही आवडायचं. ताईनं हे आधी पाहिलेलं होतं. नागपूरला, आमच्या लहानपणी, बंगल्यातल्या बायका वस्तीत येऊन महिला मंडळाचं काम करायच्या. एकदा त्यांच्या अधिवेशनाला वस्तीतल्या बायकांना बोलावलं. ताई तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, मोठ्या उमेदीनं गेली. तिथं खुर्च्या त्यांना आणि सतरंजी यांना. बोलायच्या त्या. यांना सांगितलं, शेवटी तुम्ही एक गाणं म्हणा, तुमच्या बायकांचा आवाज छान असतो. ताई गाणं न म्हणता उठून घरी आली. आईला वाटलं, पोटात दुखतंय, म्हणून तिनं ओवा दिला. ताईनं ओवा खाल्ला.

हे मला ताईनं सांगितलेलं नाही. मला पर्लनं सांगितलं, कितीतरी वर्षांनी. माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटात काय दुखत होतं ते मला जमैकाच्या बाईकडून कळलं. आता बोला, जळू नको तर काय करू?

तर तो आठ मार्च. नवं शतक नुकतं लागलं होतं. कार्यक्रम होता रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा. बायकांनी संध्याकाळनंतर निर्धास्त हिंडावं म्हणून जेनेटच्या लोकांनी एक पत्रक काढलं होतं, की स्टेशनपासून हाय स्ट्रीटपर्यंत दिवे लावा, कॅमेरे लावा आणि पोलिसांच्या गस्ती वाढवा. भाषणं सुरू व्हायची होती. मी आत कढईसमोर. ताई आणि पर्ल हळूच बाहेर गेल्या, मला वाटलं खुर्च्या लावायला गेल्या असतील. आणि एकदम धाडकन आवाज झाला. खिडकीचं शटर खाली. बाहेरून ताईनं ओढलेलं. बाहेर त्या सगळ्या, आत मी आणि माझे वडे.

पुढचं मी त्या पत्र्याच्या मागून ऐकलं. ताई म्हणत होती, आज जेवण आमचं बोलून झाल्यावर मिळेल.  मग पर्लचा आवाज आला. शांत आवाज, तिला ओरडता येत नाही. तिचा शब्दन् शब्द मला आठवतो, कारण त्या दिवशी मला दुसरं काही करायला नव्हतं. ती म्हणाली, “मला रस्त्यावर दोन गोष्टींची भीती वाटते. एक मागून येणाऱ्या पुरुषाची. दुसरी पुढून येणाऱ्या पोलिसांच्या गाडीची, कारण त्या गाडीला माझा मुलगा दिसतो. तुमच्या पत्रकात एकच भीती आहे. मग ते पत्रक माझं कसं?”

जेनेट म्हणाली की तो विषय वर्णभेदाचा आहे, महत्त्वाचा आहे, पण आजचा विषय बायकांचा आहे. त्यावर पर्लनं विचारलं, मग मी कोण आहे? बस, एवढंच.

मग ताई बोलली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आपल्या मुलींबद्दल बोलली. मार खातात, पण घर सोडलं तर देश सोडावा लागेल म्हणून गप्प बसतात. आसरा मागायला फोन केला तर पहिला प्रश्न पासपोर्टवर कुठला शिक्का आहे हा. अशा मुलीला तुमच्या पत्रकातला कुठला दिवा उजेड देणार, असं तिनं विचारलं. हॉलमध्ये कुणीतरी रडायला लागलं. मला दिसत नव्हतं ना, त्यामुळे कोण रडलं ते आजपर्यंत माहीत नाही.

जेनेटला लागलं. साहजिक आहे, तिनं इतकी वर्षं जीव ओतून काम केलं होतं.  ती म्हणाली, आमचं दार सगळ्यांना उघडं होतं, तुम्हाला आम्ही कधी अडवलं? आणि ताईनं जे उत्तर दिलं ते जेनेट विसरली नसेल, मीही विसरलेले नाही. ताई म्हणाली, “दार उघडं होतं, जेनेट. पण ये असं कुणी म्हटलं नाही. आत काय ठरतंय ते ज्यांना माहीत असतं, त्या आपणहून येतात. आम्हाला ये म्हणावं लागतं. नाव घेऊन म्हणावं लागतं.”

फार छान बोलली. सगळ्यांनी नंतर तसं सांगितलं. पण माझं ऐका ना. मी आत होते. किचनला दुसरं दार आहे, ते काय तिथं. त्या दारानं मला बाहेर येता आलं असतं. पण मला कुणी ये म्हटलं होतं का? पर्लला घेऊन गेली, मला नाही. शटर ओढताना आत शकू आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. वडे गार झाले. नंतर ताई आत आली तेव्हा मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, अगं, तू बाहेर का नाही आलीस? मी म्हटलं, तू सांगितलंस का? तर म्हणते कशी, तुला काय सांगायचं, तू येशीलच असं वाटलं मला.

तू येशीलच. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

लगेच काही बदललं नाही, बरं का. पुढच्या वर्षी पत्रकात पोलीस होतेच. त्याच्या पुढच्या वर्षी गेले. मधल्या काळात या हॉलमध्ये इतकी भांडणं झाली की शेजारच्या योगा क्लासवाल्यांनी तक्रार केली. पर्ल सेंटरच्या कमिटीवर आली. मग व्हिसावाल्या मुलींसाठी कौन्सिलशी झगडून एक घर मिळालं, छोटंसं, पण मिळालं. प्लेटा धुवायला बोलणाऱ्या बायका पण यायला लागल्या. जेनेट फार वाईट प्लेटा धुते. तिला हसू येतंय बघा, कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.

आणि ताईनं एक रीत पाडली. प्रत्येक मीटिंगच्या आधी ती फोन घेऊन बसायची. पर्लला फोन. त्या सोमाली मुलींना फोन. घानाच्या त्या नर्सला फोन. नुसतं मीटिंग आहे असं नाही सांगायची. तू ये, पुढं बस, हा विषय आहे, तुझं म्हणणं हवंय. दरवेळी. ज्या न चुकता यायच्या त्यांनाही. मी तिच्या सोफ्यावर बसून मटार सोलत हे सगळं ऐकायचे. मला फोन कधी आला नाही. एकदाही नाही. मी समोरच बसलेली ना. फोन ठेवला की म्हणायची, चल शकू, उठ, उशीर होतोय.

मधे एकदा मला वाटलं होतं, आता तुटलं यांचं. युद्धाविरुद्ध तो मोठा मोर्चा निघाला होता, त्याच्या आसपासची गोष्ट. ताई कुठंतरी भाषणात आम्ही ब्लॅक बायका, आम्ही ब्लॅक बायका असं म्हणाली. परत येताना पिकॅडिली लाइनच्या ट्रेनमध्ये पर्लनं तिला सांगितलं, विमल, तू माझी बहीण आहेस, पण ते ‘आम्ही’ आता जरा जपून वापर. माझ्या मुलाला रस्त्यात थांबवतात तसं मीनलला कुणी थांबवत नाही. तुझं दुःख वेगळं आहे, माझं वेगळं. मी समोरच्या सीटवर होते. ताईचा चेहरा पडला. आणि मला, आता सांगूनच टाकते, मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, बरं झालं. आता येईल ताई आपल्यात परत.

आठवडा गेला. मग एका संध्याकाळी ताई माझ्याकडं आली, चहा घेतला आणि म्हणाली, पर्लचं खरं आहे. तिचं तिला बोलू दे. मी शेजारी बसेन. आणि खरंच, तेव्हापासून पर्ल बोलायची आणि ताई शेजारी बसायची. जिथं मी बसायला हवं होतं तिथंच पर्लची पर्स ठेवलेली असायची.

मग ताईला गाठ निघाली. मला कसं कळलं? ताईच्या किचनमध्ये पर्ल भांडी विसळत होती. मला म्हणाली, कालच्या इंजेक्शननंतर विमलला झोप लागली का? कसलं इंजेक्शन? तिच्या हातातली प्लेट तशीच राहिली. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. स्कॅनला ताईबरोबर ती गेली होती, रिपोर्टला ती गेली होती. मी ताईशी भांडले. आजारी माणसाशी भांडले, हो. ती म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मग मला तुला सांभाळावं लागलं असतं. पर्ल रडत नाही. पर्ल बस पकडते.”

 मी रडले.

आता साडी.

आपल्याकडं बाई गेली की तिचं शेवटचं वस्त्र माहेराहून येतं. धर्म बदलला, देश बदलला, पण हे आमच्या घरात राहिलं. आई गेली तेव्हा मामानं आणलं होतं. ताईचं माहेर आता कोण? मी. इथं दुसरं आहे कोण? मागच्या खेपेला नागपूरला गेले होते तेव्हा बारीक निळ्या काठाची पांढरी सुती साडी आणून ठेवली होती मी. कशासाठी ते मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं. ती साडी, ब्लाउज, परकर, पिना, सगळं पिशवीत भरून मी अंत्यविधीची तयारी करून देणाऱ्या फ्युनरल डायरेक्टरकडं गेले. इतकी वर्षं सगळं पर्लनं घेतलं होतं. पण हे तरी माझं होतं. हे तिला घेता येणार नव्हतं.

आत गेले तर बाकावर पर्ल बसलेली. मांडीवर साउथॉलच्या साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीतून टिकल्या चमकत होत्या.

मी विचारलं, हे काय? ती उभी राहिली. म्हणाली, विमलनं सांगितलं होतं, शेवटचं कापड आईच्या घरून येतं. ते तू आण असं मला म्हणाली.

  माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की ताई जाता जाता मला माहेरातून काढून गेली. मग तिथं काम करणाऱ्या मुलीनं आम्हाला आत नेलं आणि दार लावून गेली. ताई निजली होती. दोन बायका, दोन साड्या आणि ताई एक.

पर्लनं साडी उलगडली. दुकानदारानं तिला काय प्रसंग आहे म्हणून विचारलं होतं आणि ही म्हणाली होती, माझ्या बहिणीसाठी पाहिजे, सगळ्यात चांगली दाखवा. त्यानं दुकानातली सगळ्यात चमचमती दिली. पिशवीत एवढंच. नुसती साडी. मी म्हटलं, परकर कुठंय? तिला कळेना. वीसेक वर्षं ताईला साडीत पाहिलं या बाईनं, पण साडीच्या आत परकर असतो, त्यात ती खोचलेली असते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं ती आपली आपण राहते. बिचारी इतकी ओशाळली. साडी पिशवीत परत कोंबायला लागली. म्हणाली, शकू, तुझी नेसव, मी बाहेर थांबते.

आणि दाराशी जाऊन ती वळली. म्हणाली, विमल म्हणाली होती तू असंच करशील.

मी म्हटलं, कोण, मी?

ती म्हणाली, नाही, मी. ती म्हणाली होती, “शकूला काही सांगावं लागत नाही. ती सगळं घेऊन येईल. पण तू घरच्यांचं काम आहे म्हणून बाहेर उभी राहशील. म्हणून तुला सांगून ठेवते. आत ये.”

मी काय केलं असेल? परकर माझा नेसवला. ब्लाउज माझा. पर्लनं ताईला उचलून धरलं, तिच्या दंडात अजून ताकद आहे, आणि मी निऱ्या घातल्या. ती घसरडी जॉर्जेट काही केल्या बसेना. माझ्या सगळ्या पिना संपल्या. वरून साडी पर्लची. तुम्ही सगळ्यांनी तीच पाहिलीत. आतलं कुणी पाहिलं नाही, म्हणून मी आज माइकवरून सांगतेय. ताईला माहेरचं दोघींकडून गेलंय. मीनल, हे नीट सांग हं तिला.

आणि ती पांढरी साडी? ही काय, मी नेसले आहे. नाकं मुरडू नका. शकुन अपशकुन आपण मानत नाही, आणि सुती साडी वाया घालवलेली ताईला चालली नसती.

तर ताई, आता तुझ्याशी बोलते. मला सांगावं लागत नाही हे खरं आहे. मी आले असते. मी नेहमीच आले. पण एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? एक फोन केला असतास. समोर सोफ्यावर बसले होते तरी केला असतास. शकू, तू ये, पुढं बस, तुझं म्हणणं हवंय. मी उचलला असता की नाही?

असो. ती आता काही बोलायची नाही.

आपण आता उभं राहू आणि थोडा वेळ शांत राहू. पण त्याआधी एक काम आहे. मीनल, तू नको सांगूस, हे मी स्वतः सांगते. एवढं इंग्लिश येतं मला, पण मराठीतच सांगते, तिला कळेल.

पर्ल. ती खिडकी सोड. पुढं ये. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी ये. तू येशीलच असं मी धरून चालणार नाही, म्हणून नाव घेऊन सांगते. ये.

ताई, बोलावलं हं तिला मी. जळते अजून. पण बोलावलं.

चला, उठा सगळे. तिचा गुडघा दुखतो, ती हळूहळू येईल. ती इथवर पोचेपर्यंत थांबू, आणि मग शांत होऊ.